अभ्यासिकेचा प्रिंटर बिघडला नव्हता

येत्या मंगळवारी नगरपरिषदेची सर्वसाधारण सभा आहे. विषयपत्रिकेवर विषय क्रमांक १४ असा : 'सार्वजनिक अभ्यासिकेकरिता नवीन संगणक ४ नग व प्रिंटर १ नग खरेदी करणेबाबत.' सोबतच्या टिप्पणीत कारण दिलंय की सध्याच्या संगणकांवर लिनक्स प्रणाली असल्याने प्रिंट निघत नाही आणि विद्यार्थ्यांची गैरसोय होते.

गैरसोय झाली हे शंभर टक्के खरं आहे. ती लिनक्समुळे झाली हे खरं नाही. आणि या एका चुकीच्या वाक्यावर तुमच्या-माझ्या घरपट्टीतून लाखांत खर्च होणार आहे, म्हणून ही लांबलचक पोस्ट. आत्ता वेळ नसेल तर सेव्ह करून ठेवा, पण सोमवारपर्यंत वाचा.

मी इंजिनियर नाही, पत्रकारितेचा डिप्लोमा केलेला माणूस आहे. पण आमच्या साप्ताहिकाच्या ऑफिसात बरीच वर्षं लिनक्सवर काम चालतं, कारण परवडतं. त्यामुळे प्रिंटर रुसला की काय करायचं ते करून करून माहीत झालंय.

आधी पार्श्वभूमी. अभ्यासिकेतले ४ संगणक जुने आहेत, पण ठणठणीत आहेत. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सपोर्ट बंद केला. विंडोज ११ टाकायचं तर टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप आणि ठरावीक पिढीच्या पुढचा प्रोसेसर लागतो, तो या मशिनांत नाही. म्हणजे चालू संगणक भंगारात काढा किंवा दुसरी प्रणाली टाका, एवढेच दोन मार्ग होते. नगरपरिषदेने लिनक्स टाकलं. फुकट, अधिकृत, अपडेट मिळत राहणारं. तेव्हा मी या निर्णयाचं कौतुक केलं होतं, आजही करतो.

पोरांनी आठवड्याभरात ते आपलंसं केलं. फॉर्म भरणं, जुन्या प्रश्नपत्रिका उतरवून घेणं, हॉल तिकीट काढणं. प्रिंटला अभ्यासिकेत २ रुपये, बाहेर चौकात १०. पोलीस भरती आणि एमपीएससीची तयारी करणाऱ्या, खेड्यावरून एसटीने येणाऱ्या मुलामुलींसाठी या ८ रुपयांना किंमत आहे. हॉल तिकीट मोबाइलवर दाखवून चालत नाही, कागदच लागतो.

मग एक दिवस दारावर ए-फोर कागद लागला : 'प्रिंटर बंद आहे.' (हाताने लिहिलेला, अर्थातच.) तो १७ दिवस होता.

मी गेलो तेव्हा एक मुलगी पेनड्राइव्ह हातात घेऊन उभी होती. म्हणाली, "सर, इथं कमांड जातीय, पण कागद येत नाही. मी तीनदा दिली." मॅडम म्हणाल्या, "अहो, मशिनच गेलंय बहुतेक. ते लिनक्सला चालतच नाही म्हणे." मी विचारलं, आधी चालत होता का? "हो, चांगला चार महिने चालला की."

चार महिने चाललेला प्रिंटर पाचव्या महिन्यात 'चालतच नाही' कसा होईल? हा प्रश्न १७ दिवसांत कुणीच विचारला नव्हता.

आता थोडं तांत्रिक सांगतो, पण रेशन दुकानाच्या भाषेत. दुकानात एक माणूस दारात बसतो, कार्ड घेतो, नाव लिहितो, नंबर लावतो. दुसरा आत काट्यावर धान्य मोजून देतो. लिनक्समध्ये छपाईचं काम बघणारी जी सेवा आहे, तिचं नाव कप्स. तिच्यातही ही दोन कामं वेगवेगळी आहेत. एक, प्रिंटची मागणी रांगेत घेणं. दोन, रांगेतलं काम प्रिंटरकडे पाठवणं. दुसरं थांबलं तरी पहिलं चालूच राहतं. आतला काटा बंद, पण दारातला माणूस इमानेइतबारे कार्ड घेतोय. म्हणून त्या मुलीला वाटलं कमांड गेली. गेलीच होती, पण रांगेत जाऊन बसली होती.

काटा का थांबला? ब्राउझरमध्ये 'लोकलहोस्ट', पुढे कोलन, पुढे ६३१ असं टाकलं की कप्सचं स्वतःचं पान उघडतं. इंटरनेट नसलं तरी उघडतं, कारण ते त्याच संगणकात असतं. आणि नुसतं बघायला पासवर्ड लागत नाही. मी मॅडमच्या समोरच उघडलं. प्रिंटरच्या नावापुढे स्थिती लिहिली होती 'पॉज्ड', आणि कारण होतं, यूएसबी बॅकएंड अयशस्वी. बॅकएंड म्हणजे केबलवरून प्रिंटरपर्यंत माहिती पोचवणारा भाग. मधेच त्याचा संपर्क तुटला, म्हणून कप्सने रांग थांबवली आणि ती तशीच धरून बसलं.

संपर्क का तुटला हे शोधायला टेबलाखाली वाकावं लागलं. संगणक यूपीएसवर, प्रिंटर थेट भिंतीच्या बोर्डावर. हे बरोबरच आहे. लेझर प्रिंटर शाई भाजायला एकदम जास्त करंट ओढतो, छोट्या यूपीएसला तो झेपत नाही. पण याचा परिणाम असा की कागद छापत असताना लाइट गेली तर प्रिंटर मरतो आणि संगणक जिवंत राहतो. संगणकाच्या दृष्टीने प्रिंटर अचानक गायब. आपल्याकडे लाइट किती वेळा जाते ते मी सांगायला नको.

प्रिंट देणं फसलं तर काय करायचं, हे कप्समध्ये आधी ठरवून ठेवता येतं. ते काम सोडून पुढच्याला घे, किंवा थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न कर, किंवा सगळं थांबव. अभ्यासिकेच्या मशिनवर 'थांबव' असं होतं. मग लाइट आली, प्रिंटरचा हिरवा दिवा लागला, तरी रांग काही आपोआप सुरू होत नाही. कुणीतरी येऊन 'रिझ्यूम' म्हणावं लागतं. मोठ्या ऑफिसात, जिथे संगणक सांभाळणारा माणूस बसलेला असतो, तिथे 'थांबव' ठीक आहे. लाइट जाणाऱ्या तालुक्याच्या गावात ते चूक आहे. 'पुन्हा प्रयत्न कर' असं हवं. फरक एका शब्दाचा.

मग मी म्हटलं चला, रिझ्यूम करू. बटण दाबलं की पासवर्ड मागतं. साधा वापरकर्ता प्रिंटर सुरू-बंद करू शकत नाही, त्यासाठी त्याचं नाव 'एलपीअॅडमिन' नावाच्या गटात लागतं. मॅडमचं नाव त्यात नाही. अभ्यासिकेत कुणाचंच नाही. पासवर्ड ठेकेदाराकडे, ठेकेदार जिल्ह्याच्या ठिकाणी.

ठेकेदाराला मॅडमनी फोन लावला, स्पीकरवर. "मॅडम, लिनक्सला सपोर्ट नसतो हो प्रिंटरचा. विंडोज घ्यायला सांगा साहेबांना." पासवर्ड मागितला तर, "तो देता येत नाही, सिक्युरिटी असते." पुढच्या शुक्रवारी त्यांचा पोरगा दुसऱ्या कामाला आला होता, जाता जाता अभ्यासिकेत डोकावला. पासवर्ड टाकला, रिझ्यूम दाबलं, प्रिंट आली. मी घड्याळ लावलं नव्हतं, पण मॅडमचा चहा गार व्हायच्या आत झालं.

म्हणजे ज्या दिवशी ही विषयपत्रिका निघाली, त्या दिवशी तो प्रिंटर चालू होता. आजही चालू आहे. जाऊन बघा.

मधल्या काळातली एक गोष्ट मात्र मला प्रिंटरपेक्षा जास्त गंभीर वाटते. रिझ्यूम करण्याआधी मी मॅडमना म्हटलं, रांगेत काय काय साचलंय ते बघू. २३ कामं होती. एकच हॉल तिकीट ६ वेळा, कारण कागद येत नाही म्हटल्यावर माणूस पुन्हा पुन्हा बटण दाबतो. पण बाकीची नावं वाचा : आधार कार्ड, बँकेचं पासबुक, जातीचा दाखला, एका मुलीचा वैद्यकीय रिपोर्ट. ज्यांची होती ती मुलं कधीच बाहेर १० रुपये देऊन प्रिंट काढून घरी गेली होती. रांग तशीच सुरू केली असती तर ही २३ कामं एकामागून एक बाहेर पडली असती, आणि तिथे ज्याच्या हाताला लागली त्याची झाली असती. मॅडमनी एकेक करून सगळी रद्द केली. त्याला पासवर्ड लागला नाही, कारण सगळे संगणक एकाच 'विद्यार्थी' खात्यावर चालतात, आणि स्वतःच्या खात्याचं काम कुणालाही रद्द करता येतं. सायबर कॅफे, सीएससी केंद्र, पतसंस्था चालवणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात ठेवा : थांबलेला प्रिंटर सुरू करण्याआधी रांग बघा. विंडोज असलं तरी हेच.

आता 'लिनक्सवर प्रिंट येत नाही' या वाक्याकडे येतो. हे वाक्य आपल्याकडे इतक्या आत्मविश्वासाने बोललं जातं की इतिहास सांगणं भाग आहे. कप्स लिहिलं मायकेल स्वीट या अमेरिकन प्रोग्रामरने, १९९० च्या दशकाच्या शेवटी. २००२ मध्ये अॅपलने ते आपल्या मॅकमध्ये घेतलं, २००७ मध्ये तर त्याचा सोर्स कोडच विकत घेतला आणि स्वीटना नोकरीवर घेतलं. आज पुण्या-मुंबईच्या जाहिरात कंपन्यांत लाख-दीड लाखाच्या मॅकवरून जी प्रिंट निघते, ती कप्समधूनच निघते. क्रोमबुकचंही तेच. मॅकवर चालतं ते आपल्या अभ्यासिकेत का चालू नये?

आणि मजा बघा, फुकट-मुक्त सॉफ्टवेअरची अख्खी चळवळच एका प्रिंटरच्या रागातून उभी राहिली असं सांगतात. १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचा नवा लेझर प्रिंटर आला. (हो, तीच कंपनी जिच्या नावाने आपण झेरॉक्स काढतो.) प्रिंटर दुसऱ्या मजल्यावर, माणसं बसणार भलतीकडे. कागद अडकला तरी कुणाला कळायचं नाही. रिचर्ड स्टॉलमन नावाच्या प्रोग्रामरने जुन्या प्रिंटरच्या प्रोग्रामात सोय केली होती की कागद अडकला की वाट बघणाऱ्यांच्या स्क्रीनवर निरोप जावा. नव्या प्रिंटरचा सोर्स कोडच कंपनीने दिला नव्हता. दुसऱ्या विद्यापीठातल्या एका माणसाकडे तो होता, त्यानेही करार झालाय म्हणून द्यायला नकार दिला. स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जीएनयू प्रकल्प जाहीर केला, त्यामागच्या कारणांत हा किस्सा ते स्वतः सांगत आलेत. त्यांची मागणी काय होती? प्रिंटर थांबला तर वाट बघणाऱ्याला कळावं, आणि ज्याच्यासमोर तो थांबलाय त्याला तो दुरुस्त करता यावा. आपल्या अभ्यासिकेत ४५ वर्षांनंतर नेमकं हेच नाही. सॉफ्टवेअर मुक्त आहे, पासवर्ड मात्र बंदिस्त.

विंडोजवाल्यांची बाजूही सांगतो, नाहीतर म्हणाल एकांगी लिहिलं. लिनक्सवर काही प्रिंटर खरंच त्रास देतात. बाजारात सगळ्यात स्वस्त मिळणारे छोटे लेझर प्रिंटर बघा, त्यांच्यात स्वतःचं डोकं जवळपास नसतं. पान कसं दिसणार याचा सगळा हिशोब संगणकाने करायचा आणि कंपनीच्या खासगी भाषेत प्रिंटरला पाठवायचा. ती भाषा कंपनीने उघड केली नाही तर लिनक्सला ड्रायव्हर मिळत नाही, किंवा मिळतो तो अर्धवट. काही मॉडेलना वेगळं प्लगइन टाकावं लागतं आणि त्याची आवृत्ती मुख्य ड्रायव्हरशी तंतोतंत जुळावी लागते. रात्री अपडेट झालं, ड्रायव्हर पुढे गेला, प्लगइन मागे राहिलं, की सकाळी प्रिंट बंद. ही तक्रार रास्त आहे.

मराठीचीही एक अडचण. कुणी जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये अर्ज टाइप करून पीडीएफ केली आणि फॉन्ट आत बसवला नाही, तर दुसऱ्या मशिनवर अक्षरांचा चिवडा होतो. त्यात ना प्रिंटरचा दोष, ना लिनक्सचा, पण शिव्या दोघांनाही बसतात. पीडीएफ करतानाच फॉन्ट आत घ्या, एवढंच. आणि कधी 'फिल्टर फेल्ड' असा संदेश येतो. त्याचा अर्थ फाइलचं प्रिंटरच्या भाषेत रूपांतर करताना कप्स अडखळलं. दुसऱ्या प्रोग्राममधून तीच पीडीएफ उघडून छापा, बऱ्याचदा काम होतं. नाहीच झालं तर 'व्हार'च्या आत 'लॉग', त्याच्या आत 'कप्स' या फोल्डरात 'एरर लॉग' नावाची फाइल असते, तिच्या शेवटच्या ओळी वाचा. इंग्रजी जड वाटलं तर फोटो काढून कळणाऱ्याला पाठवा. 'प्रिंटर चालत नाही' असं फोनवर सांगण्यापेक्षा त्या चार ओळींनी काम लवकर होतं.

पण या सगळ्यावर उपाय प्रिंटर घेतानाच असतो. गेली काही वर्षं 'ड्रायव्हरलेस' प्रिंटर मिळतात, म्हणजे वेगळा ड्रायव्हर न टाकता चालणारे. खोक्यावर 'एअरप्रिंट' किंवा 'आयपीपी एव्हरीव्हेअर' लिहिलंय का बघायचं. असा प्रिंटर लिनक्सला, मॅकला, मोबाइलला सगळ्यांना कळतो. कप्सची पुढची वाटचालही त्याच दिशेने आहे, जुनी ड्रायव्हर पद्धत हळूहळू काढून टाकताहेत. आपल्या टिप्पणीत मात्र लिहिलंय नुसतं 'लेझर प्रिंटर १ नग'. म्हणजे पुरवठादार सगळ्यात स्वस्त, बिनडोक्याचा देणार आणि तीन वर्षांनी पुन्हा हाच विषय सभेत येणार.

केंद्र सरकारचं २०१५ सालचं धोरण आहे की सरकारी खरेदीत मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य द्यावं आणि पुरवठादार ते टाळत असेल तर त्याने कारण द्यावं. राज्यांवर ते बंधनकारक नाही, ज्यांनी स्वीकारलं त्यांनाच लागू. तरीही कारण विचारायला कोण अडवतंय? केरळच्या सरकारी शाळा वर्षानुवर्षे लिनक्सवर चालल्यात, तिथेही पावसाळ्यात लाइट जातेच.

मुख्याधिकाऱ्यांबद्दल माझी तक्रार नाही. त्यांच्यासमोर जी फाइल आली, तिच्यात हे काहीच नव्हतं. ठेकेदार 'लिनक्सला सपोर्ट नाही' म्हणाला, लिपिकाने तेच लिहिलं, वर सही झाली. आणि नव्या संगणकांची निविदा कोण भरणार, याचा अंदाज तुम्हीही करू शकता. मी आरोप करत नाहीये, फक्त क्रम सांगतोय.

माझं म्हणणं थोडक्यात असं की विषय १४ तहकूब करा आणि त्याआधी तीन फुकट गोष्टी करून बघा. मॅडमचं नाव त्या एलपीअॅडमिन गटात घाला. याने त्यांना अख्ख्या संगणकाची किल्ली मिळत नाही, फक्त प्रिंटर सांभाळता येतो, त्यामुळे सिक्युरिटीचं कारण टिकत नाही. प्रिंटर फसला तर 'थांबव' ऐवजी 'पुन्हा प्रयत्न कर' अशी सेटिंग करा. आणि दारावरच्या कागदाच्या जागी मराठीत एक पान चिकटवा : केबल आणि स्विच बघा, ६३१ चं पान उघडून कारण वाचा, रांगेतली जुनी कामं रद्द करा, मग रिझ्यूम करा, तरीही नाही आलं तर फोन करा. ते पान मी लिहून मॅडमना दिलंय, कुणाला हवं असेल तर मेसेज करा, पाठवतो. दोन महिन्यांनी तरीही प्रिंट येत नसेल तर नवीन प्रिंटर घ्या, पण ड्रायव्हरलेस अशी अट लिहून. संगणक ४ नग कशाला, हे मला अजून कळलेलं नाही.

आणि एक. नगरपरिषदेच्या पैशांतून घेतलेल्या मशिनचा पासवर्ड नगरपरिषदेतल्या एकाही माणसाकडे का नाही, हे ठेका करारात कुठे लिहिलंय ते आपापल्या प्रभागाच्या नगरसेवकाला विचारा. नव्या बॉडीतले बरेच जण फोन उचलतात अजून. सभा मंगळवारी ११ वाजता आहे.